ओल्या मातीचा हात

शके सतराशे साठ, चैत्र वद्य द्वितीया, गुरुवार. ऐन उन्हाळा. दगडावर बसावं तर उठावं लागे, इतकं ऊन.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाबाहेर, जिथून घाटाच्या पायऱ्या सुरू होतात, तिथं एक कुंभार राहत होता. घरात तो आणि त्याची बायको. दारात चाक, चाकाशेजारी पाण्याचं तसराळं, आणि दहा पावलांवर करंजाचं मोठं झाड.

वर घाटमाथ्यावर दर गुरुवारी मोठा बाजार भरे; इतर दिवशीही थोडीफार विक्री चाले. खालची माणसं मीठ, नारळ, तेल, सुकी मासळी डोक्यावर घेऊन वर जात. चढण लागण्याआधी करंजाखाली ओझं उतरवून घोटभर पाणी पीत.

ओझं उतरवायला माणूस एकटा पुरतो. पण तेच ओझं पुन्हा डोक्यावर चढवायचं तर दुसरा माणूस लागतो. एकानं एक कड धरायची, दुसऱ्यानं दुसरी, आणि पाटी चुंबळीवर नीट बसवायची. म्हणून त्या वाटेवर एक रीत होती. कुणीही कुणालाही म्हणे, "जरा हात लावा हो." ज्याच्या कानावर पडेल त्यानं उठायचं. ओळख बघायची नाही, भांडण आठवायचं नाही.

सगळ्यात आधी उठे तो कुंभार. चाकावर अर्धं मडकं असलं तरी चाक थांबवून उठे. बारा वर्षांत एकदाही तो "थांब जरा" म्हणाला नव्हता. हात तसेच ओल्या मातीनं भरलेले. त्यामुळे ज्या पाटीला त्याचा हात लागे, तिच्यावर पाच बोटांचा स्वच्छ ठसा उमटे. वर बाजारात लोक तो ठसा बघत आणि म्हणत, "कुंभाराचा हात लागलाय वाटतं. काय माणूस आहे!" संध्याकाळी परतणारी माणसं ते बोलणं कुंभाराच्या कानावर घालत. कुंभार मान खाली घालून चाक फिरवीत राही. त्या दिवशी मडकी फार सुबक उतरत.

तो मोबदला घेत नसे. कुणी दोन कैऱ्या पुढे करी, कुणी मूठभर कोकम, कुणी बोंबलाची जुडी. कुंभार मान वळवी.

"मी घेत नाही."

एवढे तीन शब्द. चौथा लावत नसे.

खाडीवरून मीठ घेऊन येणारी एक म्हातारी होती. हातभर उंचीची, पण जीभ चांगली दोन हात. कुंभारानं पाटी चढवून दिली की ती दर गुरुवारी मूठभर मीठ पुढे धरी.

"घे रे पोरा."

"मी घेत नाही."

"बरं. पुढच्या गुरुवारी विचारीन."

बारा वर्षं हे असंच चाललं होतं.

तर त्या गुरुवारी करंजाखाली चारपाच जण टेकले होते. त्यांत एक तेली होता. धिप्पाड माणूस, मिशा तेल लावून वळवलेल्या. कुंभारानं एकाची नारळाची पाटी चढवून दिली, कैऱ्या परत केल्या, तेव्हा तेल्यानं विचारलं, "कुंभारदादा, खरं सांग. तुला यात मिळतं काय?"

"काही नाही."

"असं कसं होईल? मी तेल देतो आणि धान्य घेतो. गाय दूध देते, पण आधी चारा खाते. काही न घेता देणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही."

"मग आज पाहा," कुंभार म्हणाला. त्याची छाती बोटभर पुढे आली.

म्हातारी खुदकन हसली.

"हसायला काय झालं, आजी?"

"काही नाही रे. तुझ्या चाकाशेजारी ते पाण्याचं तसराळं आहे ना, ते कधीपासून तिथं आहे?"

"चाक आहे तेव्हापासून. मडकं घडवायला पाणी लागतं."

"मग उठताना त्यात हात बुचकळून का येत नाहीस?"

"वेळ कुठं असतो? माणूस उन्हात खोळंबलेला असतो."

"हात बुचकळायला कितीसा वेळ लागतो? शिंक यायला लागतो तेवढा."

सगळ्यांनी आपापल्या पाटीकडे पाहिलं. प्रत्येक पाटीवर पाच बोटं होती. जुनी, नवी, एकावर एक.

कुंभार लालबुंद झाला. "मी काही ठसा उमटवायला उठत नाही!"

"मी कुठं तसं म्हटलं?" म्हातारी म्हणाली. "तूच म्हणालास. चल, हात लाव. ऊन वाढायला लागलंय."

कुंभारानं हात लावला. पाटी चढली. पाटीवर ठसा उमटला. तो बघून त्याचा त्यालाच राग आला.

पुढचा गुरुवार आला. कुंभारानं ठरवूनच टाकलं होतं. जो कुणी "हात लावा" म्हणे, त्याच्यासाठी तो उठे, तसराळ्यात हात स्वच्छ धुई, धोतराला पुसे आणि मग पाटी धरी. सकाळभर अकरा पाट्या चढवल्या. एकीवरही मातीचा कण नव्हता.

संध्याकाळी माणसं उतरू लागली. कुंभार चाकाशी बसून वाट बघत होता. कुणी काही बोलेना. शेवटी त्यानं नारळवाल्याला गाठलं.

"काय रे, बाजारात कुणी काही म्हणालं का?"

"कशाबद्दल?"

"काही नाही. जा तू."

त्या संध्याकाळी त्याची तीन मडकी वाकडी झाली. कुंभारणीनं एक उचलून उलटसुलट पाहिलं.

"अहो, हे मडकं आहे की रुसलेलं माणूस?"

"गप."

"हात धुवायला लागल्यापासून तुमचं काही खरं नाही."

दुसरा कुणी असता तर मनाशी हसला असता, आणि म्हणाला असता, ठीक आहे, कौतुक मलाही आवडतं. पण कुंभाराला स्वतःवर हसण्याची सवय नव्हती. म्हातारीचं बोलणं खरं निघालं, हे त्याला सोसेना. त्यानं आणखी कडक व्हायचं ठरवलं. ज्यानं ज्यानं म्हणून बरं वाटतं, ते सगळं बंद. म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा उरणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून करंजाखाली नवा कायदा सुरू झाला.

"आभार मानायचे नाहीत. माझं नाव काढायचं नाही. माझ्याकडे बघून हसायचं नाही. ओझं उचला आणि चालू लागा."

कुंभारणीनं कपाळाला हात लावला. "अहो, ही मदत आहे का शिक्षा?"

"निरपेक्ष मदत अशीच असते."

लोक घाबरून गेले. पाटी चढवून घेताना माणसाच्या तोंडून सहज "देव भलं करो" निघतं. ते निघालं की कुंभार डोळे वटारी. एका बाईला हसू आवरेना, तर तिला त्यानं पाटी पुन्हा उतरवायला लावली आणि तोंड सरळ झाल्यावर चढवून दिली.

रविवारी तेली आला. बाजाराचा दिवस नव्हता, तरी मुद्दाम आला. नवं पागोटं घातलेलं, चेहरा फुललेला.

"कुंभारदादा, पोरीचं लग्न ठरलं! घरोघरी पहिल्या घाण्याचं तेल वाटतोय. तुझ्या घरी सगळ्यात आधी आलो. गेल्या साली माझ्या अंगात ताप असताना तू माझी पाटी पार पाचव्या वळणापर्यंत वाहून दिली होतीस. मी विसरलो नाही." आणि त्यानं वाटीभर तेल पुढे केलं.

कुंभारणीनं हात पुढे केला होता. कुंभारानं मधेच वाटी घेतली, आणि तेल परत बुधल्यात ओतलं. शेवटचा थेंबसुद्धा निथळून.

"मी घेत नाही."

तेल्याचा चेहरा उतरला. "लग्नाचं तेल परत करतोस?"

"कुणाचंही असो."

"बरं." तेल्यानं बुधला उचलला. "बारा वर्षं तुझा हात घेतला. एकदासुद्धा मला फेडू दिलं नाहीस. घेणाऱ्याचं तोंड दर वेळी खालीच राहिलं पाहिजे, असा तुझा नेम दिसतो. मग आता देऊही नकोस."

तो गेला. कुंभार चाकाशी बसला. कुंभारीण दारातच उभी होती.

"आज दिव्यात तेल नाही," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

घाटात जायला ओढ्यापलीकडून दुसरी वाट होती. लांबची, काट्याकुट्यांची, सावलीचं नाव नाही. पण त्या वाटेवर पुरुषभर उंचीचा एक कातळ होता. ओझं त्या कातळावर टेकवावं, दम खावा आणि पुन्हा आपलं आपणच डोक्यावर घ्यावं. कुणाचा हात लागत नाही, कुणाचे डोळे सोसावे लागत नाहीत. तेली त्या वाटेनं जाऊ लागला. मग नारळवाला, मग मासळीवाल्या, मग सगळेच. करंजाखाली आता फक्त पानं पडत.

"बघितलंस?" कुंभार बायकोला म्हणाला. "लोकांना मदतसुद्धा नको असते."

कुंभारीण डाव्या हातानं पेंढा सारखा करीत होती. तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. बुधवारी मडकी भाजायच्या आव्यातून माल काढताना तिचं मनगट चांगलंच मुरगळलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. वैशाख शुद्ध प्रतिपदा. दोन दिवसांवर अक्षय्य तृतीया. त्या दिवशी वरच्या गावांत घरोघरी पितरांच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरून देतात. वर कुंभार नाही. घागरी खालून यायच्या आणि त्यांच्या बदल्यात पायलीपायलीनं धान्य मिळायचं. पावसाळ्यात कुंभाराचं चाक बंद. मडकं वाळत नाही, आवा पेटत नाही. पावसाचे दिवस ते दोघं त्या धान्यावर काढत. हा एक बाजार चुकला तर पावसाळा उपाशी.

पहाटेच कुंभारानं हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपल्यात, पेंढा घालून पंचवीस लहान घागरी रचल्या. हारा करंजाखाली आणला तो जमिनीवरून ओढत. आता डोक्यावर चढवायचा. दर वर्षी कुंभारीण एक कड धरी.

"मी डाव्या हातानं धरते," ती म्हणाली.

दोघांनी उचललं. हारा तिच्या बाजूला कलला. वरची घागर घरंगळली आणि दगडावर फुटली. दोघांनी घाईनं हारा खाली ठेवला.

"गावात जाऊन कुणाला तरी हाक मारा."

"मी? मी हाक मारू?"

"मग काय घागरी स्वतः चालत जातील?"

कुंभार खाली बसला. ऊन चढू लागलं. ओढ्यापलीकडून माणसांची रांग चालली होती, डोक्यावर पाट्या घेऊन. करंजाखालून ती माणसं दिसत होती. कुंभार मान वळवून हाऱ्याकडे बघत बसला.

तेवढ्यात करंजाखाली म्हातारी आली. मिठाची पाटी टेकली, पदरानं तोंड पुसलं.

"आजी, तू या वाटेनं कशी?"

"मग काय करू? त्या कातळापर्यंत माझी पाटी पोचत नाही. देवानं उंची देताना हात आखडता घेतला." तिनं फुटलेली घागर पाहिली, कुंभारणीचा हात पाहिला, हारा पाहिला. "कोण लावणार याला हात?"

"तू लाव."

"लावते." तिनं कड धरली आणि जोर केला. हारा तिच्या कपाळापर्यंत आला आणि तिथंच राहिला. कुंभारानं तो घाईनं खाली घेतला. दुसरी घागर थोडक्यात वाचली.

"मी बुटकी, तू उंच. या हाऱ्याला तुझ्याएवढाच माणूस पाहिजे," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "तो बघ, पलीकडं तेली चाललाय. मार हाक."

"तू मार."

"माझा आवाज ओढा ओलांडत नाही. आणि घागरी तुझ्या आहेत."

"त्याचं लग्नाचं तेल मी परत केलंय, आजी. तो कशाला येईल?"

"ते हाक मारल्यावर कळेल. बारा वर्षं तुला लोकांनी हाक मारली. त्यांना काय सोपं गेलं असेल? दर वेळी तोंड उघडावंच लागलं ना? एक दिवस तू उघड. जीभ झिजत नाही."

कुंभार उठला. ओढ्याच्या काठाशी गेला. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मागं वळून त्यानं बायकोच्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि ओरडला,

"तेलीदादा! जरा हात लावा हो!"

हे शब्द त्यानं हजार वेळा ऐकले होते. स्वतःच्या तोंडून प्रथमच निघाले.

पलीकडची रांग थांबली. तेल्यानं वळून पाहिलं. मग पाटी कातळावर टेकवली आणि निघाला. चालत नाही, पळत. कोरड्या ओढ्यातले दगड उडवत, पागोटं सावरत. त्याच्यामागून नारळवाला, त्याच्यामागून दोन मासळीवाल्या. जणू कुंभाराच्या घरी जेवणाचं आवतण होतं.

"कुठाय हारा?" तेल्यानं विचारलं. मग हाऱ्याला हात न लावता तो सरळ चाकाकडे गेला. चाकावर कालच्या ओल्या मातीचा गोळा होता, त्यात त्यानं दोन्ही हात मनगटापर्यंत खुपसले.

"हे काय करतोस?"

"बाजारात कळू दे," तेली म्हणाला.

मासळीवाल्या पोट धरून हसल्या. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. कुंभारणीला हसताना मनगट दुखलं, तरी ती हसली. कुंभारानं आधी सगळ्यांकडे कडक नजरेनं पाहिलं. मग त्याचाही ओठ हलला आणि तो मोठ्यानं हसला. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, लवकर थांबेना.

मग दोघांनी कड धरली. हारा सरळ वर चढला आणि चुंबळीवर बसला. एकही घागर हलली नाही.

हाऱ्याखालून कुंभारानं तेल्याकडे पाहिलं. तेली मातीचे हात कमरेवर ठेवून उभा होता. मिशा वर, आणि छाती बोटभर पुढे आलेली. कुंभारानं तो चेहरा ओळखला. बारा वर्षं तो त्याचा स्वतःचा होता. त्याच्या ध्यानात आलं, की मोबदला रोज मिळत होता. मोठा मिळत होता. आणि तो आपण कुणाच्या वाट्याला येऊ दिला नव्हता.

"तेलीदादा," तो म्हणाला, "त्या लग्नाच्या तेलातलं थोडं शिल्लक आहे का रे?"

"का?"

"घरात दिवा लावायला नाही."

तेल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो माणूस मिशांचा, म्हणून म्हणाला, "ऊन फार आहे. डोळे चुरचुरतात. परतताना वाटी भरून देतो."

म्हातारीची पाटी नारळवाल्यानं चढवून दिली, पलीकडच्यांनी परत जाऊन आपापल्या पाट्या घेतल्या, आणि सगळे घाटाला लागले.

बाजारात चोवीस घागरी दुपारपर्यंत संपल्या. जो येई तो हाऱ्यावरची मोठी दहा बोटं बघून विचारी, "कुंभारा, तुला कुणाचा हात लागला?" आणि कुंभाराला सांगावं लागे, "तेल्याचा." पहिल्यांदा शब्द तोंडातल्या तोंडात निघाला. पाचव्यांदा नीट निघाला. विसाव्या गिऱ्हाइकाला तर विचारायच्या आतच त्यानं सांगून टाकलं. पलीकडं तेली बुधले मांडून बसला होता. प्रत्येक वेळी तो मिशीला पीळ देई.

त्या संध्याकाळी कुंभाराच्या घरात दिवा लागला.

पुढचा गुरुवार. वैशाख शुद्ध अष्टमी. करंजाखाली पुन्हा पाट्या टेकल्या. कुंभार कुणाच्या दोन कैऱ्या घेत होता, कुणाचं कोकम. एकाला म्हणालासुद्धा, "परवाची कैरी जास्त आंबट होती."

म्हातारी आली. दम खाल्ला. म्हणाली, "पोरा, हात लाव."

कुंभार उठला. तसराळ्यापाशी थबकला, आणि तसाच पुढे आला.

"धुतले नाहीस?"

"कधी धुतो, कधी विसरतो."

"विसर, विसर. पाटीला तेवढीच शोभा."

पाटी चढली. नवी पाच बोटं उमटली. म्हातारीनं एक हात वर करून पाटीतून मूठभर मीठ काढलं आणि नेहमीसारखं पुढे धरलं.

"घे रे पोरा."

कुंभारानं ओंजळ पुढे केली. मीठ ओल्या मातीला चिकटलं. त्यानं मूठ मिटली.

"माझं देणं फिटलं?" म्हातारीनं विचारलं.

"फिटलं."

तात्पर्य: मदत करणाऱ्याला समाधानाचा मोबदला मिळतोच, तो एकट्यानं लाटू नये.